वाळा, गारगोटी आणि अल्डिहाइड

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी वयाची पन्नास वर्षे पूर्ण केली. घरातल्यांनी भेट म्हणून मला एक उंची परफ्यूम देण्याचे ठरवले आणि निवड माझ्यावरच सोपवली. आयुष्यात प्रथमच एका बाटलीवर पाच आकडी रक्कम खर्च होणार होती, त्यामुळे बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला बसावे तितक्या गांभीर्याने मी ते काम हाती घेतले. दुकानांच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर दोनच नावे उरली: शनेल नंबर ५ आणि तेर द एर्मेस. पहिले १९२१ सालचे, दुसरे २००६ सालचे. पहिले स्त्रियांसाठी म्हणून विकले जाते, दुसरे पुरुषांसाठी म्हणून. पहिल्यात फुलांची अशी दाटी की त्यांतले एकही फूल वेगळे ओळखू येऊ नये. दुसऱ्यात फूल जवळजवळ नाहीच, आहेत ती माती, दगड आणि मुळे. इतक्या दूरच्या दोन सुगंधांतून एक कसा निवडला, हे सविस्तर लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात होते.

हीच दोन नावे का उरली, ते आधी सांगते. मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात चोवीस वर्षे रसायनशास्त्र शिकवते आहे. बारावीला अल्डिहाइड आणि कीटोन या कार्बनी संयुगांचा धडा असतो. मुलांना अल्डिहाइड म्हटले की जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या फॉर्मालिनचा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आठवतो. मग मी त्यांना सांगते की कार्बनची साखळी लांबत गेली की या कुळाचा स्वभाव पालटतो, आठ ते बारा कार्बनची अल्डिहाइडे सुगंधी असतात, आणि जगातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध परफ्यूम त्यांच्याच बळावर उभे आहे. हे वाक्य मी चोवीस वर्षे वर्गात उच्चारत आले आणि ते परफ्यूम मी एकदाही हुंगलेले नव्हते. आपण न अनुभवलेली गोष्ट आपण दरवर्षी शिकवतो आहोत, ही जाणीव मला मनापासून टोचत असे.

दुसरे नाव मुलामुळे आले. तो बंगळूरला नोकरी करतो. दिवाळीत घरी आला असताना त्याचा शर्ट धुवायला टाकण्यासाठी मी हातात घेतला आणि तशीच उभी राहिले, कारण त्या शर्टाच्या कॉलरला माझ्या आजोळचा वास येत होता. वाईजवळच्या त्या घरात उन्हाळा लागला की माठाच्या तळाशी वाळ्याची जुडी पडायची आणि दारांना वाळ्याचे पडदे लागायचे. दुपारी त्यांवर पाणी मारले की अंधाऱ्या माजघरात जो गारवा पसरत असे, त्याला वासाचेच अंग अधिक होते. आजोबा कानात अत्तराचा फाया ठेवीत. उन्हाळ्यात खसाचा आणि थंडीत हिन्याचा. ऋतूप्रमाणे फाया बदलायचा, हे त्यांच्या पिढीला शिकवावे लागत नसे. मुलाला विचारले तेव्हा त्याने बाटलीचे नाव सांगितले: तेर द एर्मेस. ‘तेर’ म्हणजे फ्रेंचमध्ये पृथ्वी, माती.

एर्मेस हे १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्यांचा साज बनवण्यापासून सुरू झालेले घराणे. त्याने २००४ साली जाँ-क्लोद एलेना यांना आपले स्वतःचे सुगंधकार म्हणून नेमले आणि दोन वर्षांनी त्यांच्या हातून हे परफ्यूम आले. एलेना मूळचे दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास या सुगंधनगरीचे. मोजके घटक घ्यायचे आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवायची, ही त्यांची रीत. आपल्याकडच्या पावसाशीही त्यांचा संबंध आहे: केरळातल्या पावसाळ्यानंतरच्या निसर्गावरून सुचलेले एक परफ्यूम त्यांनी २००८ साली एर्मेससाठीच केले. तेर द एर्मेस अंगावर घेतल्याबरोबर संत्रे येते, पण फोडी खाताना येतो तसा गोड रस नव्हे, तर साल मुडपली की हवेत उडणारा तो कडवट, झणझणीत तुषार. त्यापाठोपाठ मिरी. आणि मग एक कोरडा, खनिज म्हणावा असा वास, ज्याला हे घराणे स्वतः ‘सिलेक्स’ म्हणजे चकमकीचा दगड म्हणते.

मी हा वास दुकानात पहिल्यांदा नीट घेतला तेव्हा मला चकमक आठवली नाही, गारगोटी आठवली. कृष्णेच्या पात्रातून आम्ही मुले पांढऱ्या गारगोट्या गोळा करून आणत असू आणि रात्री गोधडीत शिरून त्या एकमेकींवर घासत असू. अंधारात त्या आतून फिकट उजळत आणि मग एक करपट वास येई, ज्याला ना धूर म्हणता येई ना धूळ. हा वास जगात कुणी बाटलीत भरेल अशी कल्पनाही मी कधी केली नव्हती. पॅरिसच्या एका घराण्यासाठी ग्रासच्या माणसाने रचलेल्या सुगंधात तो सापडावा, याने मी खरोखर हेलावले.

त्याखाली अर्थात वाळा होता, पण तो माठातला वाळा नव्हे. वाळ्याच्या मुळांतून वाफेने तेल काढायला कित्येक तास लागतात, आणि त्या तेलात मातीबरोबर धुराची, ओल्या लाकडाची, कधी शेंगदाण्याच्या टरफलांची छटा असते. परफ्यूमच्या धंद्यातला वाळा मोठ्या प्रमाणात हैती या कॅरिबियन देशातून येतो. पण त्याचे जगभर चालणारे ‘व्हेटिव्हर’ हे नाव मात्र तमिळ आहे, ज्यातले ‘वेर’ म्हणजे मूळ. एलेनांनी तो वाळा धुऊन, विंचरून, उन्हात वाळवून ठेवल्यासारखा वापरला आहे. त्याच्या जोडीला देवदारासारखे लाकूड आहे आणि ‘आयसो ई सुपर’ नावाचा, १९७०च्या दशकात प्रचारात आलेला, प्रयोगशाळेत घडवलेला एक पदार्थ पुष्कळ आहे. या पदार्थाचा एक गुण मला शिक्षिका म्हणून फार आवडतो. काही नाकांना तो जवळजवळ जाणवतच नाही, आणि ज्यांना जाणवतो त्यांनाही तो मध्येच हरवतो नि मध्येच पुन्हा समोर येतो. माझ्या यजमानांना दुपारनंतर माझ्या मनगटावर काहीच लागत नव्हते, आणि मला त्याच वेळी तिथे तासलेल्या लाकडाचा स्वच्छ वास येत होता.

विक्रेतीने मला अदबीने सांगितले, “ताई, हे पुरुषांसाठीचे आहे.” तिचे काही चुकले नाही, खोक्यावर तसे असतेच. परंतु ज्या समाजात आजी गजऱ्यात मरवा माळते आणि आजोबा गुलाबाचे अत्तर लावतात, लग्नात दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला एकाच अत्तरदाणीतले अत्तर लावले जाते, त्या समाजातल्या बाईने ही विभागणी मानण्याचे कारण नाही. हा मुद्दा माझ्यापुरता तिथेच निकाली निघाला.

आता शनेल नंबर ५. खरे सांगायचे तर ते मला पहिल्या भेटीत आवडले नाही. कागदी पट्टीवर फवारलेला तो सुगंध नाकाशी आणताच मला उंची साबणाची वडी, चेहऱ्याची पावडर आणि कुणाच्या तरी बैठकीची खोली आठवली. चोवीस वर्षे ज्याचे नाव घेतले त्याची भेट अशी व्हावी, याचे वाईट वाटले. मात्र घरी येताना बसमध्ये विचार करता करता लक्षात आले की मी कारण आणि परिणाम यांची उलटापालट करते आहे. नंबर ५ला साबणाचा वास येत नाही. साबणांना नंबर ५चा वास येतो. या परफ्यूमचे यश पाहिल्यानंतर साबण, पावडरी आणि केसांच्या फवाऱ्यांपर्यंत सर्वांनी तोच घाट कमीअधिक स्वस्त मालात उचलला, आणि त्या नकलांत वाढलेले आपले नाक मूळ वस्तूला नक्कल ठरवते. हे कळल्यावर ती पट्टी मी पर्समधून काढून पुन्हा हुंगली. चार तास उलटून गेले होते. पावडर मागे सरली होती, आणि पुढे जे आले होते त्याला नाव देता येईना. तिथून माझी खरी ओढ सुरू झाली.

हे परफ्यूम एर्नेस्ट बो यांनी रचले. ते मॉस्कोत जन्मलेले, रशियातल्या एका मोठ्या सुगंधी मालाच्या कारखान्यात घडलेले. क्रांतीनंतर फ्रान्समध्ये आले. शनेल घराण्याच्या संस्थापक गॅब्रिएल शनेल यांच्यापुढे त्यांनी १ ते ५ आणि २० ते २४ अशा क्रमांकांचे नमुने ठेवले आणि शनेल यांनी पाचवा उचलला, अशी हकीकत सांगितली जाते. नाव तिथूनच आले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बो यांना उत्तर ध्रुववृत्तापलीकडे राहावे लागले होते, आणि तिथल्या मध्यरात्रीच्या सूर्याखाली तळ्यांना आणि नद्यांना जो विलक्षण ताजेपणा येतो तो पकडण्याचा आपला प्रयत्न होता, असे त्यांनी पुढे सांगितले. तो ताजेपणा त्यांनी अल्डिहाइडांतून मिळवला. परफ्यूमात अल्डिहाइडे वापरणारे ते पहिलेच होते असे नव्हे, पण इतक्या सढळ हाताने आणि इतक्या परिणामकारकपणे ती त्याआधी क्वचितच वापरली गेली असतील.

दहा, अकरा आणि बारा कार्बनची ही अल्डिहाइडे सुटी हुंगली तर मेणासारखी, किंचित तेलकट, नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीसारखी किंवा गरम इस्त्री फिरवलेल्या सुती कापडासारखी लागतात. त्यांतले दहा कार्बनचे डेकॅनाल संत्र्याच्या सालीत असते आणि आपल्या कोथिंबिरीतही असते. नंबर ५मध्ये ती फुलांच्या वर उजेड पाडण्याचे काम करतात. गाभाऱ्यात फुलांची रास असावी आणि कुणी एकदम दार उघडावे, तसे काहीसे होते. फुले तीच, पण त्यांच्या कडा दिसेनाशा होतात आणि एक झळाळी उरते.

ती फुले म्हणजे गुलाब, इलांग-इलांग आणि मुख्यतः जाई. ग्रासच्या शेतांत वाढणारी जाई ही वनस्पतिशास्त्राच्या भाषेत जास्मिनम ग्रँडिफ्लोरम, म्हणजे आपण जिला जाई किंवा चमेली म्हणतो तीच वेल. तिचे मूळ आपल्या बाजूचे आहे, आणि आज तिच्या सुगंधी अर्काचे मोठे उत्पादन तमिळनाडूत आणि इजिप्तमध्ये होते. ग्रासची शेते मात्र जमिनीच्या किमती वाढत गेल्या तशी आटत गेली, म्हणून शनेलने १९८७ साली तिथल्या एका शेतकरी कुटुंबाशी करार करून आपल्यापुरती जाई आणि गुलाब राखून ठेवले. जाईत इंडोल नावाचा एक पदार्थ नैसर्गिकपणे असतो. शुद्ध स्वरूपात त्याला डांबरगोळीसारखा कोंदट वास येतो, पण अत्यल्प प्रमाणात तोच फुलाला जिवंतपणा देतो. संध्याकाळी माळलेला गजरा रात्री उशाशी काढून ठेवल्यावर जो जडसर, थोडा कोमेजलेला गोडवा येतो, त्यामागे इंडोलचा मोठा हात असतो. नंबर ५ अंगावर दोन तास मुरले की तो गोडवा अगदी खोलवरून येतो. फ्रान्समध्ये बनलेल्या बाटलीत मला रात्रीचा गजरा भेटला तो असा.

एव्हाना दोन्ही बाजूंना आठवणींचे वजन पडले होते, आणि आठवणींवर पाच आकडी रक्कम लावणे मला पटत नव्हते. शिवाय कागदी पट्टीवर परफ्यूमची परीक्षा होत नाही. कागदाला ऊब नसते, घाम नसतो, त्वचेचे तेल नसते. हलके रेणू आधी उडतात, जड रेणू मागे राहतात, आणि हा क्रम किती वेगाने चालतो ते अंगाच्या उष्णतेवर आणि बाहेरच्या हवेवर ठरते. पॅरिसच्या थंडीत सहा तास उलगडत जाणारी गोष्ट पुण्याच्या एप्रिलमध्ये तीन तासांत संपू शकते. म्हणून मी दोन्हींचे दोन-दोन मिलिलिटरचे नमुने मिळवायचे ठरवले. मोठ्या बाटलीतून लहान कुप्यांत भरून देणारे लोक आता आपल्याकडेही आहेत आणि त्याला ‘डिकँट’ म्हणतात. एका विक्रेत्याकडून आलेल्या पहिल्या कुपीत मात्र संत्रे नव्हतेच. होता तो खवट, उग्र दर्प, आणि अर्ध्या तासानंतर केवळ अल्कोहोल. माल जुना होता की बनावट, ते कळायला मार्ग नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतर मुलाने स्वतःच्याच बाटलीतून तेर द एर्मेस एका स्वच्छ कुपीत भरून पाठवले आणि नंबर ५चे दोन नमुने मी दुकानातून मागून घेतले.

मार्च आणि एप्रिल असे दोन महिने मी हा प्रयोग केला. एका दिवशी एकच सुगंध लावायचा, नुसत्या पाण्याने अंघोळ करून, केसांना सुगंधी तेल न लावता. एक फवारा मनगटाच्या आतल्या बाजूला आणि एक साडीच्या सुती पदराच्या टोकाला. मनगटे एकमेकांवर घासायची नाहीत. नाक थकले तर स्वतःच्या कोपराच्या आतला भाग हुंगायचा, कारण तिथे आपलाच ओळखीचा वास असतो आणि नाक पुन्हा जागेवर येते. वहीत दर दोन तासांनी एक ओळ लिहायची. रेशमी साडीवर मात्र मी कधीच काही फवारले नाही, कारण अल्कोहोलने आणि सुगंधी द्रव्यांच्या रंगाने रेशमावर डाग पडू शकतात.

तेर द एर्मेस पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्याला फार शोभते. सकाळी सातला लावले की पहिला तास संत्र्याचा आणि मिरीचा. दहाच्या सुमारास गारगोटी. दुपारी बाहेर डांबर वितळत असताना त्यातला वाळा माझ्याभोवती सावलीसारखा उभा राहत असे. संध्याकाळी सहालाही पदरात लाकूड शिल्लक असे. पण त्याचा पसारा मोठा आहे. मला वाटे की ते माझ्यापाशी आहे, आणि तेवढ्यात शिक्षक-खोलीच्या दुसऱ्या टोकाची सहकारी सांगे की तुम्ही दारात आलात तेव्हाच कळले. तिला अर्धशिशीचा त्रास आहे. बंद वर्गात साठ-सत्तर मुलांमध्ये वावरणाऱ्या व्यक्तीने याचा विचार करायलाच हवा. एक फवारा कमी केला तरी त्याची चाल तशीच दमदार राहिली.

नंबर ५ने मला उन्हात आधी घाबरवले. मार्चमधल्या एका तापलेल्या दुपारी बाहेर पडले तेव्हा अल्डिहाइडे एवढी उसळली की माझे मलाच अवघड वाटले. पण तो पहिला पाऊण तास ओलांडला की ते अंगाशी येऊन बसे आणि मग दिवसभर माझे आणि त्याचे खासगी बोलणे चालावे तसे राही. खडूची धूळ, प्रयोगशाळेतल्या अमोनियाचा भपका, बसमधली गर्दी, या सगळ्यांतून मध्येच कधीतरी हात कपाळाशी गेला की ते पुन्हा भेटे. आणि दर वेळी जरा वेगळे भेटे. वहीतल्या नोंदी पाहिल्या तर तेर द एर्मेसच्या सगळ्या दिवसांच्या ओळी सारख्याच आहेत. नंबर ५च्या कोणत्याही दोन दिवसांच्या ओळी जुळत नाहीत. एके ठिकाणी लिहिले आहे, ‘दुपारी दोन, इस्त्रीची साडी’. दुसरीकडे ‘दुपारी दोन, कोमट दूध’. तिसरीकडे ‘दुपारी दोन, ओळखता येत नाही, पण हात नाकापासून दूर करवत नाही’. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी ते लावून गेले. मोगरा, हरभऱ्याची उसळ, आंब्याची डाळ आणि ओल्या चंदनाच्या त्या दाटीत ते कुठे हरवलेही नाही आणि कुणाच्या आड आलेही नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवले.

प्रयोगाच्या शेवटी शेवटी एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. नंबर ५ लावून आठ तास झाले होते, मनगटावर अगदी थोडे उरले होते आणि त्या उरलेल्यात मला चंदन आणि व्हॅनिलाच्या खाली काहीतरी कोरडे, मुळासारखे जाणवले. त्याच्या घटकांत तळाशी वाळा सांगितला जातो, हे मी वाचले होते आणि विसरून गेले होते. म्हणजे एकाच्या आरंभी संत्र्याची साल, तर दुसऱ्याच्या आरंभीच्या डेकॅनालमध्ये त्या सालीचाच अंश. एकाच्या तळाशी वाळा, तर दुसऱ्याच्या तळाशीही, थोडासा का होईना, वाळा. मला दोन टोकांचे वाटलेले हे दोन सुगंध दोन्ही कडांना एकमेकांच्या जवळ येत होते आणि फक्त मधल्या पोटात वेगळे होते. एकाच्या पोटात दगड होता, दुसऱ्याच्या पोटात फुले.

निर्णय मी अखेर आठवणींचा नीट हिशेब मांडून केला. तेर द एर्मेसने मला जे दिले ते बहुतेक माझ्यापाशी आधीपासून होते. वाळ्याची जुडी मंडईत अगदी थोड्या पैशांत मिळते. गारगोट्या कृष्णेच्या पात्रात आजही आहेत, आणि वाई पुण्याहून फार लांब नाही. शिवाय ते परफ्यूम माझ्या मुलाचे आहे; तो घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर तो वास येतो, आणि मला तो तसाच, त्याच्याबरोबर येणारा म्हणून हवा आहे. मी रोज तोच लावू लागले तर दिवाळीत तो दारात उभा राहील तेव्हा नवे काही येणार नाही. नंबर ५मधली वस्तू मात्र या बाटलीबाहेर कुठेच नाही. ते कोणत्याही एका फुलाचे, मातीचे, ऋतूचे नाही. १९२१ साली दोन माणसांनी मनाने रचलेली ती एक नवी गोष्ट आहे, आणि मला वयाच्या पन्नासाव्या वर्षी माझ्यासाठी काहीतरी असे हवे होते, ज्याला माझ्या मागच्या आयुष्यात जागा नव्हती. रात्रीचा गजरा त्यात सापडला खरा. पण तो मला त्याच्या दारापर्यंत घेऊन गेला एवढेच. आतले दालन मला नवे होते.

मग कोणते नंबर ५ घ्यायचे, हा पोटप्रश्न उरला, कारण एकाच नावाखाली निरनिराळी रूपे मिळतात. शुद्ध अर्क, ज्याला नुसते ‘पार्फँ’ म्हणतात, तो सर्वांत दाट आणि शांत, पण त्याची किंमत आमच्या ठरलेल्या रकमेत बसत नव्हती. ‘ओ द पार्फँ’ हे शनेलचे तेव्हाचे सुगंधकार जाक पोल्ज यांनी १९८६ साली नव्याने बांधलेले रूप. ते मला अधिक गोड, मऊ आणि भरगच्च वाटले. २०१६ साली त्यांचे चिरंजीव ओलिव्हिए पोल्ज यांनी ‘लो’ नावाचे हलके रूप आणले. ते उन्हाळ्यात छान वाटते, पण मी ज्यासाठी इथवर आले होते ती झळाळी त्यात मला बरीच आवरलेली वाटली. ‘ओ द तॉयलेत’मध्ये अल्डिहाइडे सर्वांत मोकळी आहेत आणि सुकल्यावर लाकूडही अधिक स्पष्ट आहे. ते टिकते थोडे कमी, पण पुण्याच्या हवेत आणि बंद वर्गात मला तेच योग्य वाटले. एप्रिलच्या अखेरीस त्याची ५० मिलिलिटरची बाटली घरी आली. साधी चौकोनी काच, पांढरी चिठ्ठी, काळी अक्षरे. प्रकाशाने आणि उष्णतेने सुगंध बिघडतो, म्हणून ती खोक्यातच, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, सुती साड्यांच्या मागे ठेवली आहे. न्हाणीघरात किंवा खिडकीतल्या आरशापाशी ती कधीही जाणार नाही.

यंदा अल्डिहाइडांचा धडा दिवाळीनंतर आला. त्या दिवशी मी पाच कागदी पट्ट्यांवर नंबर ५चा एकेक फवारा मारून, वरचे अल्कोहोल उडू देऊन, त्या वर्गात नेल्या. ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांनी पट्टी पुढे द्यावी असे आधीच सांगितले, आणि बाकीच्यांना नाव न सांगता विचारले की कशाचा वास येतो. साबण, असे बहुतेकांनी म्हटले. पावडर, आजीचे कपाट, लग्नाचा हॉल, विझवलेली मेणबत्ती अशी उत्तरे आली आणि ती सगळी मी फळ्यावर लिहिली. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते, जी वर्षभरात स्वतःहून कधी बोललेली नव्हती. तिने पट्टी बराच वेळ नाकाशी धरली, डोळे मिटले आणि हात वर केला. “मॅडम, संत्र्याची साल,” ती म्हणाली, “पण संत्रे नाही. फक्त साल.”

मी फळा पुसला आणि दहा कार्बनची साखळी काढायला घेतली.